नखं वाढवली ते दिवस

आमच्या गल्लीत मुलगी बघायला येणारे लोक तोंडाकडे एकदा बघायचे आणि हातांकडे तीनदा. सोलापूरच्या पूर्व भागातली विणकरांची वस्ती ती. पुरुष मागावर जायचे, बायका घरात बसून विड्या वळायच्या. मागाचं काम आज असायचं, उद्या नसायचं. विडीचं रोज असायचं. त्यामुळे सून आणायची म्हणजे विडीला बसणारे दोन हात आणायचे, असा सरळ हिशोब होता आणि तो कुणी लपवतही नसे. चहा पिऊन झाला की पाहुण्यांतली एखादी बाई म्हणायची, "सूप आण बघू पोरी." मग मुलगी मांडीवर सूप घेऊन बसायची, आणि सगळे गप्प होऊन तिच्या बोटांकडे बघत राहायचे.

मी सातव्या वर्षापासून विड्या वळत होते. आदल्या दिवशी भिजवलेली पानं पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू घालून गुंडाळायची, दोरा बांधायचा आणि शेवटी विडीचं तोंड अंगठ्याच्या नखानं आत दाबून बंद करायचं. नख बेताचं लागतं. फार खुडलं तर तोंड नीट बसत नाही, वाढवलं तर पान फाटतं. माझा हात लवकर बसला. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचं आणि अम्माच्या शेजारी बसायचं. मॅट्रिकच्या वर्षी मी संध्याकाळपर्यंत पाचशे विड्या करून मग अभ्यासाला घ्यायची. गल्लीतल्या बायका अम्माला म्हणायच्या, "तुला पोरीचं काय टेन्शन नाही. हिला मागून नेतील."

मी मॅट्रिक पास झाले, तेव्हा आमच्या घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला बोलावून डी.एड.चा फॉर्म हातात दिला. "भर आणि वडिलांची सही घेऊन ये. तुझा नंबर लागेल," असं म्हणाल्या. मी तो फॉर्म त्याच दिवशी भरला. नायनांची, म्हणजे वडिलांची, सही तेवढी राहिली. नायनांनी फॉर्म हातात घेतला, उलटापालटा केला आणि परत दिला.

"एक स्थळ आलंय," ते म्हणाले. "ते लोक बघून जाऊ देत. मग बघू."

"मग म्हणजे कधी?"

"लग्न झाल्यावर शीक की. त्यांना वाटलं तर ते शिकवतील."

अम्मा तंबाखू चाळत होती. ती चाळणीकडे बघतच म्हणाली, "विडीच्या घरात सुनेला कोण शिकवतं?" नायनांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

स्थळ आमच्याच वस्तीतलं, चार गल्ल्या पलीकडचं. आई विधवा, एक मुलगा, तो टॉवेलच्या कारखान्यात. दोन मुली होत्या, दोघींची लग्नं त्याच वर्षी झाली होती. म्हणजे त्या घरातून विडीला बसणारे चार हात गेले होते, आणि त्यांना घाई होती. ते नाही म्हणणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. माझ्या वेगाची कीर्ती चार गल्ल्यांपर्यंत सहज पोचलेली असणार.

नाही म्हणायचं मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मुलींनी तोंडानं नाही म्हणायची पद्धत नव्हती. पण समोरच्यांनी नाही म्हटलं तर? दिवस-दोन दिवस डोक्यात तेच घोळत होतं. काळी दिसायचं सोंग घेता येत नाही, लंगडायचंही नाही. विड्या मुद्दाम वाईट वळाव्यात, तर त्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. मग मला नखं सुचली. लांब नखांच्या, रंग लावलेल्या मुलीला आमच्या भागात नटवी म्हणायचे आणि नटवी मुलगी विडीला बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पाहुणे यायला अजून तीन आठवडे होते. मी नखं कापायची थांबवली.

गल्लीच्या टोकाला एक वदिना राहायची. वदिना म्हणजे वहिनी; आम्ही घरात तेलुगू बोलायचो, इथं मी ते सगळं मराठीत लिहिते आहे. ती हैदराबादहून लग्न होऊन आलेली. तिच्या मावशीचं तिकडं बायकांच्या साजशृंगाराच्या सामानाचं दुकान होतं आणि लग्नाआधी ती तिथं बसायची. येताना एक पत्र्याचा डबा घेऊन आली होती. त्यात कुंकवाच्या बाटल्या, पावडर, पिना आणि नेलपॉलिशच्या दोन बाटल्या होत्या. एक वाळून गेली होती. दुसरीत थोडं उरलं होतं, डाळिंबी रंगाचं.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती विड्याच वळत होती. तिची स्वतःची नखं मुळापर्यंत पिवळी पडली होती.

"बघायला येणारेत म्हणून लावायचंय का?" तिनं विचारलं.

"हो. बघून परत जावेत म्हणून."

तिनं हातातली विडी पूर्ण केली, तोंड बंद केलं आणि सुपात ठेवली. मग माझी बोटं हातात घेऊन नखं बघितली. "लई दिवस ठेवलीस. बरी वाढलीत," एवढंच म्हणाली. हे करू नको असं ती म्हणाली नाही. होईल असंही म्हणाली नाही.

पाहुणे रविवारी येणार होते. शनिवारी दुपारी, नायना कामावर असताना, मी वदिनाच्या घरी गेले. जून संपत आला होता, पण पाऊस नव्हता आणि ऊन मे महिन्यासारखंच होतं. बाटलीतला रंग उन्हानं घट्ट होतो म्हणून तिनं ती सकाळपासून माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवली होती. तिनं मला एकेक गोष्ट सांगितली आणि प्रत्येक गोष्ट मलाच करायला लावली. "मी लावून दिलं तर एकदाच होईल," ती म्हणाली. "तुझं तुला यायला पाहिजे."

आधी लिंबाच्या सालीनं नखं घासली, तंबाखूचा पिवळेपणा जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात बोटं बुडवून बसले. नखाच्या मुळाशी आलेली कातडी काडीला कापूस गुंडाळून हळूच मागं सारली. काडीपेटीच्या खरखरीत बाजूनं नखांची टोकं घासून गोल केली, एकाच दिशेनं, कारण उलटसुलट घासलं की नख पापुद्र्यानं सुटतं. मग साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे केले. नखावर जरासं तेल राहिलं तरी रंग धरत नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

"आता पातळ. अगदी पातळ. पहिल्या थरात रंग दिसलाच पाहिजे असं नाही."

मधोमध एक पट्टा, मग दोन बाजूंनी दोन. टोकावरून ब्रश थोडा खाली नेऊन नखाची धारही रंगवायची, कारण रंग निघायला तिथूनच सुरुवात होते. रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. उजव्या हातानं डावा झाला. मग ब्रश डाव्या हातात घेतला, पण तो नखावर ठरेना.

"कोपर जमिनीला टेकव," वदिना म्हणाली. "ब्रश हलवू नको. नख ब्रशकडं ने."

तसं केलं आणि जमलं. रंगाचे तीन हात झाले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. शेवटी माठातल्या गार पाण्यात बोटं बुडवली. पाण्यातून हात बाहेर काढले आणि मला ते माझे वाटेनात. मी खूप वेळ बघत बसले. त्या दुपारी मला पहिल्यांदाच वाटलं की या हातांनी खडू धरता येईल.

घरी आले तर नायना लवकर आले होते. त्यांनी हात बघितले. "हे काय सोंग करायलीस?"

मी काही बोलायच्या आत अम्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजकाल असतं तसं. बघायला येणाऱ्यांना बरं वाटतं."

अम्माला हे खरं वाटत नव्हतं. पाहुण्यांना काय बरं वाटतं ते तिला चांगलं माहीत होतं. मी तिच्याकडे बघितलं, पण ती भाकरी थापत राहिली.

रविवारी सकाळीच निरोप आला. होटगीला पाहुण्यांच्या भावकीत कुणी वारलं होतं. त्यांना सुतक होतं, ते फिटल्यावर येतो म्हणाले. म्हणजे आणखी बारा दिवस. मी धावत वदिनाकडे गेले. तिनं बाटली उजेडात धरून बघितली. तळाला जेमतेम राहिलं होतं.

"पुसून परत लावायला पुरणार नाही," ती म्हणाली. "आहे तेच टिकव. चौथ्या दिवशी एक पातळ हात, आठव्या दिवशी एक. मधे पाण्यात हात घालायचा नाही. गरम पाण्यात तर नाहीच. राखेनं भांडी घासायची नाहीत. आणि विडी नाही."

पहिल्या दोन गोष्टी कशाबशा जमल्या असत्या. विडी नाही म्हणजे घरात अर्धं काम थांबणार होतं. तरी सोमवारी मी नेहमीसारखी सूप घेऊन बसले, जपून वळू लागले. दहा-बारा पानं फाटली. विडीचं तोंड बंद करताना अंगठ्याच्या टोकाचा रंग तिळाएवढा उडाला. अम्मा शेजारून बघत होती. तिनं हात लांब करून माझ्या मांडीवरचं सूप उचललं आणि आपल्या सुपावर ठेवलं.

"असू दे," ती म्हणाली. "मी करते तुझ्या वाटणीच्या."

"अम्मा, तुला माहितीये मी हे कशाला—"

"माहितीये."

तिची बोटं चालत होती. मग म्हणाली, "ते नाही म्हणून गेले, तर तुझ्या कागदावर मी नायनांची सही घेते. कशी घ्यायची ते माझं मी बघते. पण ते नाही म्हटले पाहिजेत."

ते बारा दिवस मी विसरू शकत नाही. अम्मा पहाटे उठून विडीला बसायची, भांडी घासायची, धुणं धुवायची, पुन्हा बसायची. तिची पाठ वाकलेलीच राहायची. मी तिच्यासमोर बसून पानं कापायची, कारण कात्रीनं नखांना काही होत नव्हतं. दोरे तोडून ठेवायची. बाकी काही करू शकत नव्हते. हात फडक्यात गुंडाळून अंघोळ करायची. चौथ्या दिवशी आणि आठव्या दिवशी वदिनाकडे जाऊन एकेक पातळ हात दिला, उडालेला कोपरा आधी भरून. दहाव्या दिवशी अम्माच्या उजव्या अंगठ्याचं नख एका बाजूनं चिरलं आणि तिथं तंबाखू जाऊन ते सुजलं. तिनं हळद लावून चिंधी बांधली आणि चिंधीवरून वळत राहिली. मी म्हणाले, "राहू दे, मी कापून टाकते नखं." ती म्हणाली, "गप बस. आता दोनच दिवस."

पाहुणे आले ते संध्याकाळी. मुलाची आई, तिचा भाऊ आणि मुलगा. मुलगा मान खाली घालून बसला होता आणि त्यानं पूर्ण वेळ ती वर केली नाही. मी चहा दिला. कप ठेवताना मुद्दाम बोटं पसरली. त्या बाईनं बघितलं. ती साठीच्या आतबाहेरची, सुकलेली, डोळ्यांनी तल्लख बाई होती. तिनं कप बाजूला ठेवला आणि म्हणाली, "बस इथं. हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. तिनं ते उलटे करून तळवे बघितले, मग परत सुलटे केले. आपल्या अंगठ्यानं माझ्या एका नखावरून दाबून बघितलं, रंग सुटतो का म्हणून.

"कधी लावलंस?"

"दोन आठवडे होतील."

"दोन आठवडे?" तिनं भावाकडे बघितलं. "कुणी लावून दिलं?"

"मीच लावलं."

"डाव्या हाताला तू लावलंस. उजव्याला?"

"उजव्यालाही मीच."

ती उजवा हात उजेडाकडे वळवून एकेक नख बघू लागली. शेजारच्या घरातल्या कात्रीचा आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, आता ती हात सोडून देईल आणि उठेल. अम्मा दारात उभी होती. तिनं चिंधीचा अंगठा पदरात लपवला होता.

"बघितलंस का," बाई भावाला म्हणाली, "डाव्या हातानं लावलंय, पण कातडीला कुठं रंग लागलेला नाही. एक रेघ बाहेर नाही. आणि दोन आठवडे जपलंय." मग तिनं माझा हात माझ्या मांडीवर परत ठेवला, अगदी सांभाळून. "हात स्थिर आहे पोरीचा. चिकाटी आहे. सूप आणायची गरज नाही, मला कळलं."

नायना हसले. "तसं तिचं काम लई नीट असतं," ते म्हणाले.

"नखं तेवढी काढ," ती मला म्हणाली. रागानं नाही, आपल्या मुलीला सांगावं तशी. "काय, कापली की झालं. परत येतात आणि परत कापता येतात."

साखर वाटली गेली. अम्मानंच ती आणली, कारण दुसरं कोण आणणार. माझ्या तळहातावर साखर ठेवताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

फॉर्म द्यायची मुदत त्यानंतर पाच दिवस होती. मी रोज तो ट्रंकेतून काढायची आणि परत ठेवायची. चौथ्या दिवशी अम्मानं नायनांजवळ विषय काढला. मी बाहेरच्या ओट्यावर होते. आतून नायनांचा आवाज आला, "शब्द दिलाय मी. आता शिकायचं कशाला मधेच?" अम्मा आणखी काही म्हणाली, ते ऐकू आलं नाही. पाचव्या दिवशी मी मोठ्या बाईंना भेटायला शाळेपर्यंत गेले, फाटकातून त्यांना दुसऱ्या मुलींशी बोलताना बघितलं आणि आत न जाता परत आले. काय सांगणार होते?

नखं मी स्वतःच कापली, वडिलांच्या दाढीच्या पात्यानं. वदिनाकडे त्यानंतर मी फारशी गेले नाही. तिनं काही चुकीचं शिकवलं नव्हतं. चुकीचं शिकवलं असतं, रंग ओघळला असता, दोन दिवसांत टवके उडाले असते, तर कदाचित ती बाई उठून गेली असती. हे मी तिला कधी बोलले नाही. पण तिला ते समजलं असावं. लग्नाच्या हळदीला ती आली, माझ्या हाताला हळद लावली आणि लगेच निघून गेली. पुढं तिला दम्याचा त्रास सुरू झाला आणि ती हैदराबादला माहेरी गेली ती आलीच नाही, असं नंतर कळलं.

सासू वाईट नव्हती, हे लिहायला हवं. तिनं मला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. ती स्वतः माझ्यापेक्षा जास्त बसायची. शिक्षणाचं मी एकदा विचारलं, तेव्हा तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तरीण व्हायला दोन वर्षं लागतात. दोन वर्षं हे घर कुणी चालवायचं, ते सांग. सांगितलंस तर मी पाठवते." नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आईला विचार."

माहेरी माझ्या वाटणीचं काम अम्मावरच पडलं. तिचा अंगठा बरा झाला, पण ते नख वाकडंच आलं. मी भेटायला गेले की ती माझ्यासाठी चहा ठेवायची आणि मी आपोआप तिच्या सुपातल्या विड्या पुऱ्या करायला बसायची. आम्ही त्या बारा दिवसांबद्दल पुन्हा बोललो नाही. एकदा तिनं विचारलं, "त्रास नाही ना?" मी नाही म्हणाले. ती बरं म्हणाली.

एक गोष्ट मात्र मला आजही स्वतःला समजावून सांगता येत नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूनं मला पहिल्यांदा विडीला बसवलं. शेजारच्या तीन-चार बायका मुद्दाम येऊन बसल्या होत्या, नवी सून बघायला. माझी बोटं सुरुवातीला अडखळली, मग सवयीनं चालू लागली. अंधार पडायच्या आत हजार विड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी विडी कारखान्यात माल तपासणाऱ्या बाईनं त्यातली एकही विडी बाजूला काढली नाही. परत येताना सासू रस्त्यात भेटेल त्या बाईला थांबवून सांगत होती, "एक विडी परत आली नाही. एक नाही." मी तिच्या मागं चालत होते, डोक्यावर पदर घेऊन, नव्या पानांचं गाठोडं काखेत धरून. आणि ते ऐकून मला बरं वाटत होतं.